वजा एक

कन्या बारावीला गेली त्या जूनमध्ये आमचा कुकर बाल्कनीत गेला. स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. शिट्टी झाली की तिची लिंक तुटते, असं आमच्या हिचं निदान. मग इंडक्शनची शेगडी बाल्कनीत मांडली गेली आणि वरण-भात तुळशीच्या साक्षीने शिजू लागला. तिसऱ्याच दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "बारावी का हो?"

मी मान डोलावली.

"आमचा मिक्सर दोन वर्षं जिन्यात होता," त्या म्हणाल्या. "सायन्स?"

"सायन्स."

"मग तुम्हीही जाल जिन्यात."

काकू अनुभवी होत्या.

"बारावी आहे" हे दोन शब्द पुण्यात कुठेही चालतात. त्यांच्या जोरावर मी त्या वर्षी दोन लग्नं, एक मुंज, सोसायटीची वार्षिक सभा आणि दाढेचं रूट कॅनाल चुकवलं. कोणीही "बारावी तुझी आहे का?" असं विचारलं नाही. मावसभावाने तर लग्नाला न गेल्याबद्दल रागवायच्या ऐवजी बुंदीचे लाडू घरपोच पाठवले आणि वर निरोप, "पोरीला जपा."

पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? क्लासच्या पालकसभेत सरांनी माइक हातात घेऊन सांगितलं, "पालकांनी मुलांना सपोर्ट करायचा." कसा करायचा ते सांगायच्या आत हप्त्यांचा विषय निघाला आणि तो मात्र तारखांसकट समजावून सांगितला गेला. कन्या ज्या कॉलेजात शिकत होती ते आम्ही कोणी नीट पाहिलेलं नव्हतं. तीही प्रॅक्टिकलपुरती जायची. कॉलेज म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र आणि शिक्षण म्हणजे क्लास, अशी वाटणी झालेली. तेव्हा सपोर्ट कसा करायचा, हे माझं मलाच ठरवावं लागलं.

मी स्वतः १९९२ साली बारावी झालो. तेव्हा बोर्डाचे मार्क आले की पीसीएमची बेरीज करायची आणि त्या बेरजेवर इंजिनिअरिंगच्या रांगेत उभं राहायचं, एवढाच मामला होता. आता एकाच मुलीच्या डोक्यावर जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारी-मार्चात बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई मेन आणि त्यानंतर सीईटी. वेळापत्रक फ्रिजवर लावायला गेलो तर चार चुंबकं लागली. तरी मनात म्हटलं, परीक्षा बदलल्या असतील. न्यूटन तर तोच आहे ना?

म्हणून एका रविवारी तिच्या टेबलावरचा एच. सी. वर्मांचा फिजिक्सचा ग्रंथ मी आदराने बाजूला सरकवला आणि तिच्या वहीतलं त्यातल्या त्यात गरीब दिसणारं एक गणित उचललं. एक कप्पी. कप्पीवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला पाच किलोचा ठोकळा, दुसऱ्याला तीन किलोचा. त्वरण काढा. हे तर आमच्या वेळचंच! विहिरीच्या रहाटाइतकं ओळखीचं. रविवारची संध्याकाळ, सोमवारची रात्र आणि मंगळवारी ऑफिसातली जेवणाची सुट्टी खर्चून मी उत्तर काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ३९.२.

तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, मोकळी सोडलेली वस्तू किती त्वरणाने पडते?"

"९.८," मी ताडकन म्हणालो.

"आणि तुझा ठोकळा दोरीला बांधलेला असून ३९.२ ने पडतोय. त्याला रॉकेट लावलंयस का?"

आमची ही बाल्कनीत कुकरपाशी उभी होती. तिच्या पाठीवरूनही ती हसतेय हे कळत होतं.

फिजिक्सचा मार्ग असा बंद झाल्यावर मी प्रेरणेकडे वळलो. प्रेरणेला उत्तर तपासायची सोय नसते, हा तिचा मोठा गुण. कन्या क्लासमधून रात्री नऊला आली, की जेवणाच्या ताटावर मी सुरू व्हायचो. आमच्या वेळी क्लास नव्हते. आमच्या वेळी एकच गाइड तिघांत होतं. आमच्या वेळी भारनियमन होतं. एकदा तिने भाकरी मोडता मोडता शांतपणे विचारलं, "मग तुला इंजिनिअरिंगला का नाही मिळालं?" घरात बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता.

टेस्ट सिरीज सुरू झाल्यावर दर रविवारी पेपर. मी गाडीवरून आणायला जायचो आणि हेल्मेटच्या आतूनच विचारायचो, "कसा गेला?" ती म्हणायची, "ठीक." "ठीक म्हणजे?" "ठीक म्हणजे ठीक." "किती सोडवले?" मागून उत्तर नाही. "सिली मिस्टेक्स?" मागून एक उसासा. सिग्नलला मी मान वळवून शेवटचा प्रश्न टाकायचो, "बाकीच्यांना कसा गेला?" आणि मग घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं बसमधले अनोळखी प्रवासी असल्यासारखे बसायचो.

अशाच एका रविवारी तिने मला जेईईची मार्कांची पद्धत समजावली. ७५ प्रश्न, ३०० मार्क, तीन तास. बरोबर उत्तराला अधिक चार. चुकलं तर वजा एक. सोडून दिलं तर शून्य. "म्हणजे येत नसेल तर हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पेपर सोडवण्याइतकंच काय सोडायचं हे कळायला लागतं. क्लासमध्ये एक मुलगा आहे, त्याला सगळं थोडं थोडं येतं, म्हणून तो सगळे प्रश्न अटेम्प्ट करतो. त्याचे मार्क बघवत नाहीत."

ती त्या मुलाबद्दलच बोलत होती. पण मी तो मुलगा मिटल्या डोळ्यांनी ओळखला असता. रोज दाढी करताना आरशात दिसतो.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी दिवसाचा हिशोब मांडला. "कसा गेला?" वजा एक. "सिली मिस्टेक्स?" वजा एक. "बाकीच्यांना?" याला वजा एक कमी पडेल. "वरच्या मजल्यावरचा तो आयआयटीत गेला ना, तो चारला उठायचा." वजा एक, आणि तेही मी दोनदा सांगितलेलं. उलट आमची ही दिवसभरात एकच प्रश्न विचारते, "पोहे करू की उपमा?" अधिक चार. माझी आई देवापुढे वात लावते, नातीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि मालिका आवाज बंद करून बघते. अधिक चार. घरात पेपर घालवणारा मी एकटाच.

तेव्हापासून मी प्रश्न सोडायला शिकू लागलो. फार अवघड अभ्यासक्रम आहे हा, आणि याला क्लास नाही. रात्री साडेबाराला तिच्या दाराखालून उजेड दिसतो. 'झोप आता' म्हणावं, तर "अजून एक चॅप्टर राहिलाय" म्हणून वजा एक. 'अजून थोडं कर' म्हणावं, तर थेट बाद. मग मी स्वयंपाकघरात जायचो, दूध गरम करायचो, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचो आणि पाऊल न वाजवता परत यायचो. प्रॅक्टिकलच्या जर्नलला खाकी कव्हर घालणं, पानांना समास आखणं, अर्जासाठी फोटोची साइज केबीत बसवणं, अशी खात्रीची कामं मी उचलली. समास आखण्यात मी अजूनही कोणाला हार जाणार नाही.

जानेवारीत जेईई आली. सकाळची शिफ्ट नऊची, दार साडेआठला बंद आणि केंद्र शहराबाहेर. आम्ही अंधारातच निघालो. जाड तळाचे बूट नकोत, मोठी बटणं नकोत, अंगावर धातू नको. हिने आदल्या रात्री कन्येच्या कुर्त्याची बटणं फूटपट्टीने मोजली होती. आईने निघताना देवीचं चांदीचं पदक तिच्या गळ्यात घातलं, ते दारावरच काढावं लागलं. त्यामुळे कन्या आत एकटीच गेली आणि देवी तीन तास माझ्या शर्टाच्या खिशात बसली.

बाहेर फुटपाथवर पेपर अंथरून आम्ही पालक. कोणी थर्मास उघडलेला, कोणी स्तोत्राची पोथी, कोणी मोबाइलवर मागच्या वर्षीचे कटऑफ. शिरूरहून आलेले एक गृहस्थ रात्रीच येऊन मेहुण्याकडे उतरले होते. कांद्याच्या भावावर ते तासभर सुरेख बोलले. मग एकदम थांबून म्हणाले, "आपल्याला यातलं काय कळत नाही बघा. पण घरी बसवत नाही." मी त्यांना माझ्यातली अर्धी भाकरवडी दिली.

बाराच्या पुढे मुलं बाहेर पडू लागली आणि दारातून एकच गजर उठला, "कसा गेला?" बापांची अख्खी फौज. मी खिशातली देवी घट्ट धरली. कन्या समोर आली. प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तो गिळला आणि म्हणालो, "भूक लागली असेल?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाबा, तुला बरं वाटतंय ना?"

दोन वडापाव आणि चहा. कोपऱ्यावर उभं राहून खाताना तिने आपणहून सांगितलं की मॅथ्स लांबलचक होतं. त्या वर्षात न विचारता मिळालेली ती पहिली माहिती.

निकाल लागला. ९२ पर्सेंटाइल. आईने विचारलं, "म्हणजे काय रे?" मी म्हटलं, "म्हणजे शंभर मुलं रांगेत उभी केली तर हिच्या पुढे आठ."

"आठच? अरे, मग पेढे आण!"

त्या रांगेत शंभर नाहीत, बारा लाखांच्या घरात मुलं असतात आणि त्यांतले आठ टक्के म्हणजे लाखाच्या आसपास, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आकडे बरोबर, मुद्दा बरोबर, वेळ साफ चुकीची. कन्येकडे नजर गेली. तिला ते गणित माझ्याआधी येत होतं. मी प्रश्न सोडला आणि चपला घातल्या. अर्धा किलो पेढे आईने सगळ्या मजल्यांवर वाटले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक मला "ब्याण्णव टक्के, वा!" म्हणत होते आणि घरात कन्या कित्येक आठवड्यांनी पोट धरून हसत होती. बोर्ड त्या पेढ्यांवर निघालं. एप्रिलच्या जेईईत पर्सेंटाइल थोडं वर सरकलं, तेव्हा आई परस्पर जाऊन पेढे घेऊन आली.

शेवटी उरली सीईटी. आदल्या रात्री मी टेबलावर दूध ठेवून मागे वळलो तर ती म्हणाली, "बाबा, तू हल्ली काही बोलतच नाहीस."

"निगेटिव्ह मार्किंगची भीती वाटते."

ती हसली. "सीईटीला निगेटिव्ह नसतं. १५० प्रश्न, सगळे ठोकून यायचे. बोल, काय बोलायचंय ते."

कित्येक महिने साठवलेली भाषणं. मी खुर्ची ओढून बसलो, घसा खाकरला आणि आठवून पाहिलं, तर एकही सापडेना. जे तोंडातून आलं ते भलतंच होतं.

"तो ठोकळा एवढ्या जोरात का पडत होता?"

"कुठला ठोकळा?"

मी पाकिटातून कागद काढला. जूनमधला, घडीवर फाटलेला. तिने तो दिव्याखाली सरळ केला. "बरं झालं, अकरावीचंही वीस टक्के येतं सीईटीला. माझी रिव्हिजन होईल." मग पेन्सिलीचं टोक माझ्या दुसऱ्या ओळीवर टेकवलं. "इथे बघ. पाच किलोला पृथ्वी खाली खेचतेय आणि दोरी वर धरून ठेवतेय. तू दोघांची बेरीज केलीस."

"मग?"

"मग तुझी दोरी त्याला खाली ढकलायला लागली. दोरीला ढकलता येत नाही, बाबा. तिला फक्त धरता येतं."

तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. मी अधिकचं चिन्ह खोडून तिथे वजा लिहिलं आणि पुन्हा सोडवत खाली आलो. २.४५. तिने खाली बरोबरची खूण केली आणि दूध एका दमात पिऊन टाकलं.