भाईरनं ऐकणारे आबा

कोल्हापुरात ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक तंबोऱ्यातून निघतो, दुसरा माणसाला खुळं करतो. आमचे आबा दोन्ही नादांचे. असा एक आबा तिथल्या प्रत्येक पेठेत असतो. विजार पांढरी, स्कूटर जुनी, आणि गावाला आलेला पाहुणा म्हणजे आपली खासगी मिळकत अशी पक्की समजूत.

मी गेलो होतो गाण्यासाठी. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, जयपूर-अत्रौलीची गायकी याच गावात रुजली, तर एकदा सगळं पायी हिंडून बघावं, एवढाच बेत. स्टेशनजवळ लॉजही ठरवला होता. ते ऐकून आबांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या घरावर जप्ती आणली.

“लॉजवर? पाहुणं, आमी मेलो काय?”

माझी बॅग तोवर स्कूटरवर चढली होती. मुक्काम माडीवर पडला. खाली आक्का तव्यावर भाकरी टाकत म्हणाल्या, “मी वाढतो की, तुमी बसा निवांत.” बाईमाणसानं ‘मी वाढतो’ म्हणावं, हे ऐकूनच कोल्हापुरात आल्याची खात्री पटते.

सकाळी मी विचारलं, “देवल क्लब किती लांब?”

“हितंच की.”

‘हितंच की’ हे कोल्हापूरचं अंतराचं माप आहे. शेजारचं किराणा दुकान हितंच, वीस किलोमीटरवरचा पन्हाळाही हितंच. फक्त प्रत्येक ‘हितंच’च्या वाटेवर काहीतरी खाण्याचं लागतं. पहिल्या दिवशी मिसळ लागली. कट मागून घ्यायचा असतो, पुरे म्हणायचं नसतं. मग रंकाळा. मग दुपारी तांबडा आणि पांढरा रस्सा. आधी कुठला, नंतर कुठला, यावर आबा जे बोलले ते ऐकून मला जयपूर-अत्रौलीच्या जोडरागांचं मर्म कळलं. बसंत कुठे संपला आणि केदार कुठे सुरू झाला हे कळता कामा नये, तसं तांबड्या-पांढऱ्याचं. “वाट्या अलग, वरपणं एक,” आबा म्हणाले. शास्त्र एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गंगावेशीचा दूधकट्टा. समोर म्हैस पिळायची, फेसाळ पेला हातात. आबांच्या मते कोल्हापूरच्या संगीताचं मूळ तिथं आहे. “खाँसाहेबांचा आवाज गेल्ता, ठावं हाय न्हवं? ह्या दुधानं परत आला.”

आवाज गेला होता हे खरं. पण तो गेला अमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन, आणि उरलेल्या जाड आवाजाला साजेशी नवी पेचदार गायकी त्यांनी मेहनतीनं घडवली, तीही कोल्हापूरला येण्याआधी. मी हे सांगितलं. आबांनी माझ्याकडे कीव करत बघितलं आणि आणखी एक पेला सांगितला.

दुसऱ्या दिवशी खासबागेपाशी गेलो. शाहू महाराजांचं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि गाणं यांची भिंत एक, असं गाव दुसरं मला माहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबागेतली भेळ गावभर नावाजलेली, पण दोन दिवसांत त्या एकाच ठिकाणी आबा म्हणाले, “नको. चला.”

आणि मग एकदाचा देवल क्लब आला. १८८३ सालची गाण्याची संस्था. गोविंदराव टेंब्यांसारखी माणसं जिथं घडली ती जागा. आतून कुणाचा तरी रियाज ऐकू येत होता, बहुतेक लहान मुलगी असावी, एकाच पलट्यावर पुन्हा पुन्हा अडखळत होती. मी आत निघालो. आबांनी स्कूटर बंद केली, चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले.

“आत चला की.”

“न्हाई. आमच्या आज्यानं खाँसाहेबाला भाईरनंच ऐकलं. बापानं भाईरनंच. आमी बी भाईरनंच.”

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचा नाद सुटला. मुलीचा पलटा सातव्या खेपेला जमला, तेव्हा आबांच्या तोंडून “हां!” गेलं. दाद जागच्या जागी होती. तोवर मला वाटत होतं, ह्यांना गाण्यातलं काही कळत नाही.

रात्री माडीवर, माझ्या पोटानं हात टेकले होते, तेव्हा मी सूड म्हणून माझ्याकडची माहिती काढली. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांवर जगभरच्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. त्यातलं एक यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेलं.

आबा बराच वेळ गप्प राहिले.

“जेवणाची सोय?”

“आबा, तबकडी आहे.”

“ते कळलं.” त्यांनी आभाळाकडं बघितलं. “म्हंजे बाई पार भाईर?”

“पार बाहेर.”

“मग झ्याक ऐकू येत असंल तिकडच्यास्नी,” आबा म्हणाले, आणि आक्कांना हाक मारून माझ्यासाठी दूध मागवलं.