दोन रात्री, तीन दिवस, आठ पंगती

आमचे साडू डोंबिवलीचे. दिवाळीत ते क्रूझवर जाऊन आले. मुंबईहून गोवा, गोव्याहून मुंबई, तीन रात्री. निघण्याआधी पंधरा दिवस दुधीचा रस पीत होते आणि उतरले ते अडीच किलो वाढवून. वाढलेल्या वजनाचं दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख हे की, सगळे नियम पाळूनही वाढलं. लिफ्टला हात लावायचा नाही, जिनेच चढायचे. सकाळी डेकवर दहा फेऱ्या. ताटली लहान घ्यायची. रात्री अकरानंतर जे मांडतात तिकडे फिरकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, जेवणाच्या दालनात शिरल्यावर आधी रिकाम्या हातानं एक प्रदक्षिणा घालायची, काय काय मांडलंय ते पाहून घ्यायचं, मगच ताटली उचलायची.

"त्या प्रदक्षिणेनंच घात केला," साडू म्हणाले. "एकदा दर्शन झाल्यावर प्रसाद नाकारायचा कसा?"

साडूंचे वडील रत्नागिरीचे. त्यांच्या काळी मुंबईहून कोकणात बोटीनं जायचे. त्या बोटीवर वजन वाढल्याचं ऐकिवात नाही. बोट लागायची. घरून बांधून दिलेली दशमी बंदर येण्याआधीच समुद्राला अर्पण व्हायची आणि माणूस हलका होऊन होडीत उतरायचा. आहारतज्ज्ञाची फी तिकिटातच.

मी साडूंना म्हटलं, एवढे पैसे घालून गोव्यापर्यंत कशाला गेलात? क्रूझ तर आमच्या दारावरून जाते. आमचं जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर, बंदर नाही, धक्का नाही. पण वर्षातून एक-दोनदा तरी पाच-सहा गाड्यांचा ताफा विक्रमगडकडून घाट चढून येतो, विश्रामगृहावर नांगर टाकतो, दुसऱ्या दिवशी मोखाड्याला जातो, खोडाळ्याला वळसा घालतो आणि तिसऱ्या दिवशी परततो. पुढे बोलेरो, मध्ये इनोव्हा, मागे आणखी बोलेरो. सगळ्यात मागे, धूळ खात, स्थानिक वार्ताहर म्हणून मी. या सफरीला सरकारी भाषेत 'कुपोषण पाहणी दौरा' म्हणतात.

ही सेवा जुनी आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली आणि राज्याला आमचा रस्ता कळला. मुख्यमंत्री येऊन गेले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसले. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. 2016 मध्ये मोखाड्यात पुन्हा मुलं गेली, पुन्हा गाड्या आल्या. मधल्या काळात समित्या, उपसमित्या, अभ्यासगट, पथकं. आणि एवढ्या वर्षांत मागच्या गाडीतून मला जर काही शिकायला मिळालं असेल, तर ते हेच की, कुपोषण पाहायला आलेल्या माणसानं वजन राखणं ही सोपी गोष्ट नाही.

खानसाम्याचंच बघा. दौऱ्याची तारीख तालुक्याला पत्रानं कळते, पण त्याआधी ती जव्हारच्या बाजारात कोंबड्याच्या भावावरून कळते. गावठी कोंबडा अचानक शे-दीडशेनं चढला की समजायचं, पथक आलं. खानसामा कोंबडे माणशी मोजत नाही, हुद्द्याप्रमाणे मोजतो. सचिव पातळीला अर्धा, उपसंचालकाला पाव, आमच्यासारख्यांना रस्सा. सकाळी उपमा, उकडलेली अंडी. पहिल्या पाड्यावर चहा-बिस्किटं. ती नाकारली तर गावकऱ्यांना वाईट वाटतं. आरोग्य केंद्रात काजू, कारण काजू इथलाच, स्थानिक उत्पादनाला प्रोत्साहन. दुपारी तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा. चारला भजी, कारण पाऊस. आहारतज्ज्ञ म्हणतात ना, थोडं थोडं पण दर दोन तासांनी खा? त्या सल्ल्याचं इतकं तंतोतंत पालन मी अन्यत्र पाहिलेलं नाही.

तीव्र कुपोषित मुलांसाठी जे गाव बालविकास केंद्र असतं, तिथलाही नियम हाच. थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा. एका दौऱ्यात तिथल्या एका मुलाला सकाळपासून दोनदा मिळालं होतं, तिसऱ्या वेळेचं येणं बाकी होतं. पथकाचं तोवर चौथं झालं होतं. असो, पथकाला प्रवासही बराच असतो.

व्यायामाचीही सोय आहे. साडूंना जिने होते, आमच्याकडे पाडे आहेत. काही पाड्यांपर्यंत आजही चारचाकी पोचत नाही. आजाऱ्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. तिथे उतरून दोन किलोमीटर चालावं लागतं. एका दौऱ्यात एका साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून जाहीर केलं की, आज पावलं साडेआठ हजार झाली. टाळ्या वाजल्या. बाजूनं एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन गेली. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, त्यामुळे तिची पावलं कुठे नोंदली गेली नाहीत.

हंड्यावरून आठवलं. साडू म्हणाले होते, जहाजावर पाण्याची ददात नाही, दिवसातून तीनदा शॉवर घेतला. मी म्हटलं, घ्या की, तुमच्या डोंबिवलीचं मला माहीत नाही, पण मुंबईला आमच्याकडूनच पाणी जातं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, 102 मीटर उंच, आणि त्यातून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. फेब्रुवारी-मार्च उलटला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. बंदरात टाकी भरून निघालेल्या एखाद्या जहाजावर कुणी न्हात असेल, तर तो मोखाड्याला न येताही मोखाड्यात न्हाऊन गेला म्हणायचा.

दौरा कोणत्या ऋतूत काढावा, हीदेखील कला आहे. आषाढ-श्रावणात इथली कणगी रिकामी असते. जुनी नागली संपलेली, नवी शेतात, मजुरी बंद. पोरांची वजनं याच दिवसांत घसरतात. पण या दिवसांत धुकं असतं, दाभोसाचा धबधबा कोसळत असतो, घाटात दरड येते. त्यामुळे काही पथकं दिवाळीनंतर निघतात. हवा छान, रस्ते कोरडे. पाड्यात गेलं तर दारांना कड्या. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली, पोरंही त्यांच्याबरोबर. वजनकाटा अंगणवाडीत, मूल भट्टीवर. एका अहवालात मी वाचलं की, पाड्यात कुपोषित बालक आढळलं नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या पथकात मात्र एक मॅडम होत्या, खरोखर नियमानं खाणाऱ्या. कोंबड्याला नको म्हणाल्या. तेल नको, मसाला नको, "मला इथे लोक जे खातात तेच द्या, साधं." मला त्यांच्याविषयी आदर वाटला. नुकतीच शेवळं आली होती. जमिनीतून वर येणारी, जांभळट कोंबासारखी. शेवळं घशाला खाजतात. म्हणून त्यांत काकडं घालतात, आवळ्याएवढी आंबट हिरवी फळं, आणि सगळं तेलावर नीट परतून शिजवतात. मॅडमना पाहिजे होती फक्त वाफवलेली. खानसाम्यानं दोनदा सांगून पाहिलं, "मॅडम, काकडाबिगर नका खाऊ." शेवटी हुकूम तो हुकूम. दहा मिनिटांत मॅडम घसा धरून बसल्या. पाणी झालं, गूळ झाला, चिंच झाली. पुढे अहवालात ओळ आली: स्थानिकांच्या पारंपरिक आहाराबाबत जनजागृतीची आवश्यकता आहे.

आणखी एक पदार्थ त्यांना द्यायचा राहून गेला. कडूकंद. जंगलातून खणून आणायचा, चकत्या करायच्या, उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. म्हणजे आज भूक लागली तर उद्या खायचा. भोजन लांबवण्याची इतकी शास्त्रशुद्ध पद्धत कुठल्या जहाजावर असेल असं वाटत नाही.

नागलीला मात्र चांगले दिवस आलेत. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, नागलीचं श्रीअन्न झालं. साडूंनी क्रूझच्या न्याहारीचा फोटो दाखवला. चिनी मातीची वाटी, त्यात करड्या रंगाचं काहीतरी, वर बदामाचे काप, समोर इंग्रजीत पाटी. "हे एकच मी रोज घेतलं, हलकं असतं," ते म्हणाले. मी निरखून पाहिलं. आमची आंबील होती. इथे ती घरात दुसरं काही नसलं की करतात, तिथे सगळं असूनही घेतात. मी काही बोललो नाही. पाहुण्याला त्याच्या न्याहारीवरून बोलू नये.

गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आहे, 2015 सालापासून. दिवसातून एकदा चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. योजना चांगलीच आहे, तिच्यावर विनोद करायची माझी इच्छा नाही. सुरुवातीला एका जेवणाचा खर्च 22 रुपये धरला होता, पुढे वाढवला. त्या 22 रुपयांवरून एका पंगतीत चर्चा झाली होती. एवढ्यात अंडं बसतं का, असा मुद्दा होता. दोन्ही बाजूंनी हिरिरीनं बोलणं झालं, चर्चेच्या भरात कुणी किती अंडी खाल्ली याचा हिशेब राहिला नाही.

पावलं मोजणाऱ्या साहेबांच्या त्या दौऱ्यात शेवटच्या दिवशी पथक एका अंगणवाडीत गेलं. पत्र्याच्या खोलीबाहेर पोरं कडेवर घेऊन बायका ओळीनं उभ्या. सेविकाताई दंडाचा घेर मोजत होती. त्यासाठी एक पट्टी असते, बोटभर रुंद, तीन रंगांची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. मधोमध एक चीर असते, तिच्यातून टोक ओवून हलकेच ओढायचं आणि आकडा वाचायचा. ताई वाचत होती, मदतनीस लिहीत होती. "अकरा पॉइंट चार." "बारा." "अकरा पॉइंट दोन."

साहेबांनी पट्टी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग घड्याळ वर सरकवून स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळली, टोक चिरीतून ओवलं आणि मनगट सगळ्यांना दाखवलं.

"ग्रीन!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो; मागच्या गाडीतल्या माणसाला हसावं लागतं. कुणीतरी फोटो काढला, मग साहेबांनी तो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढायला लावला. ताई हात पुढे करून उभी होती. पट्टी एकच होती, आणि ओळीत अजून नऊ पोरं होती.