चित्रपटांचे दफ्तर

चित्रपटांची पौराणिक, संतपट, तमाशापट आणि रहस्यपट अशी दफ्तरे लावून प्रत्येकावर आपला शेरा मारण्याचा जो छंद आम्हां चित्रपटवेड्यांना जडलेला असतो, त्यावर कोणत्याही सरकारने अद्याप कर बसविला नाही, याचे मला नवल वाटते. पौराणिक चित्रपटांविषयी माझी तक्रार नाही. १९१७ च्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानेच वठविल्यामुळे त्या दांपत्यात मतभेदाचा संभवच उरला नव्हता.

संतपटांत मात्र माझी सहानुभूती नेहमी संतांच्या कुटुंबाकडे वळते. ‘प्रभात’च्या ‘संत तुकारामा’त (१९३६) प्रेक्षक वैकुंठाला निघालेल्या विमानाकडे पाहून हात जोडीत, मी गौरीबाईंची जिजाई पाहत असे, कारण घरात दाणा नाही ही तिची फिर्याद मला कोणत्याही न्यायासनापुढे टिकण्याजोगी वाटते, आणि आजारी पोरासाठी प्रत्यक्ष विठोबावर वहाण उगारणाऱ्या त्या माउलीची भक्ती मला निरूपणापेक्षा अधिक पटते.

पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ १३१ आठवडे चालल्यावर पाटील, फेटा आणि लावणी यांची जणू सनदच निर्मात्यांच्या हाती पडली. या तमाशापटांचा निषेध करणाऱ्या सभ्य गृहस्थांना त्यांतील प्रत्येक लावणीचा तपशील इतका बिनचूक ठाऊक असतो, की निषेधासाठी त्यांनी किती तिकिटे काढली असतील, हा विचार माझ्या मनाला शिवल्यावाचून राहत नाही!

रहस्यपटांविषयी एकच विनंती: खुनी कोण हे ज्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांनी कृपा करून माझ्या मागच्या खुर्चीत बसू नये.