खतकाका

मोशी, चिखली, वाकड, पिंपळे सौदागर. पिंपरी-चिंचवडातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जनरेटरच्या मागे डोकावून पाहा. जाळीदार टाक्यांची रांग असेल आणि सेफ्टी शूज घातलेले एक गृहस्थ कचऱ्यात थर्मामीटर खुपसून उभे असतील. हे खतकाका.

उभी हयात कंपनीत, क्वालिटी खात्यात गेलेली. निवृत्तीनंतर आधी त्यांनी काकूंच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली, मग फोडणीला किती सेकंद लागतात ते मोजलं. काकूंनीच त्यांना सोसायटीच्या कमिटीत ढकललं, अशी वदंता आहे. तेवढ्यात महापालिकेची नोटीस आली. तेव्हाच्या, २०१६च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारे 'मोठे'. त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. "आम्ही टॅक्स कशाला भरतो?" असं कमिटी ओरडत होती, तेव्हा काकांनी फक्त विचारलं, "लाइन कधी सुरू करायची?"

टाक्यांना ते लाइनच म्हणतात. ओल्या बादलीत निघालेलं शाम्पूचं पाकीट म्हणजे रिजेक्शन. त्याचं मूळ शोधायला ते दारोदार जातात आणि कंपनीत शिकवल्याप्रमाणे पाच वेळा "का?" विचारतात. बी विंगमधल्या वहिनींनी तिसऱ्या "का"लाच दार लावून घेतलं. बादलीवरून त्यांना सगळ्यांची स्वयंपाकघरं पाठ झालीत. कुणाचं डाएट चालू आहे आणि ते रात्री किती वाजता मोडतं, हे नवऱ्याच्या आधी काकांना कळतं.

विषय मात्र त्यांना पक्का येतो, हे मान्य करायला हवं. ओल्यावर कोरडा पालापाचोळा किंवा भुसा पडलाच पाहिजे, नाहीतर हवा कोंडून वास सुटतो. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी ठिबकू नये. ढीग पंचावन्न-साठ अंशांना तापला की काकांचा चेहरा उजळतो. नातवाला पंचावन्न टक्के पडले तेव्हा उजळला नव्हता. मे महिन्यात कलिंगडाच्या सालींनी टाक्या पाणावल्या, तेव्हा ग्रुपवर सूचना आली: 'कलिंगड ए विंगने सोमवारी, बी विंगने बुधवारी खावे.'

एकच शल्य आहे. आयुष्यभर माणसांना टार्गेटमागे पळवलं, पण जिवाणू काही पळत नाहीत. खत व्हायला दीड-दोन महिने लागतात ते लागतातच. ओव्हरटाइम नाही, इन्सेंटिव्ह नाही. "यांची युनियन फार पक्की," काका हताशपणे म्हणतात.

तयार खत फुकट आहे, तरी तुळशीपुरतं मूठभर नेऊन लोक गायब होतात. उरलेली पोती काका पार्किंगमध्ये बॅच नंबर टाकून रचतात.

तुमच्या सोसायटीत असे काका नसतील तर घाबरू नका. आकुर्डीपासून चाकणपर्यंत दर महिनाअखेरीस कुणी ना कुणी निवृत्त होतंच.