मुहूर्ताचं गाणं

काही माणसं पोहायला शिकायचं ठरवतात आणि टॉवेल कोणत्या रंगाचा घ्यावा यावर सहा महिने घालवतात. तोवर तलाव आटतो. मग ती म्हणतात, "बघा, घाई केली नाही ते बरंच झालं." आमचे अण्णा या पंथातले. फक्त त्यांचा टॉवेल म्हणजे पहिलं गाणं.

अण्णा मूळचे पुण्याचे, पण गेली तीस वर्षं अमेरिकेत नॅशव्हिलजवळ राहतात. तिथे राहून कंट्री म्युझिक टाळायचं म्हणजे पंढरपुरात राहून टाळ टाळायचे. निवृत्तीनंतर अण्णांच्या लक्षात आलं, की त्या गाण्यांमध्ये गायकाच्या मागे कोणीतरी सतत रडत असतं, आणि गायकापेक्षा जास्त सुरात रडत असतं. चौकशी केल्यावर कळलं, ते माणूस नव्हे, पेडल स्टील गिटार.

"अगं, ही तर आपली मींड!" अण्णा बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ओरडून म्हणाले आणि पुढच्याच आठवड्यात वाद्य दिवाणखान्यात आलं.

ते दिसतं इस्त्रीच्या टेबलाने पायाच्या शिवणयंत्राशी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केल्यासारखं. वर दहा तारा, खाली तीन पेडल, गुडघ्यांशी चार लिव्हर. पडदे नाहीतच, नुसत्या पडद्यांच्या रेघा. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायला आणि दोन्ही गुडघे लिव्हर ढकलायला. शरीराचा रिकामा राहिलेला एकच भाग म्हणजे डोकं. अण्णांनी तेही कामाला लावलं : पहिलं गाणं कोणतं?

वाद्य विकणारे शेजारचे म्हातारबुवा जन्मभर हेच वाजवत आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी बसून दाखवलं. कांडी एका जागी ठेवायची. पहिली दोन पेडलं एकदम दाबली, की षड्जाचा स्वरमेळ मध्यमाचा होतो. सोडली, की परत घरी. पेडलं दाबूनच कांडी दोन रेघा वर नेली, की पंचमाचा. एवढ्या तीन मुक्कामांवर 'अमेझिंग ग्रेस' अख्खं बसतं. हे ते सांगत होते तेव्हा काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. चहा निवेपर्यंत उभ्या होत्या.

म्हातारबुवा गेल्यावर अण्णा म्हणाले, "तीन मुक्कामांचं गाणं वाजवायला एवढे डॉलर मोजले का मी? शिवाय इथे जो तो त्यानेच सुरुवात करतो."

मग अण्णांनी वही घातली. 'स्लोली'चा विचार झाला. १९५४ साली वेब पिअर्सच्या या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर वाजता वाजता वाकला आणि ते ऐकून बाकीचे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडलं जोडायला धावले. म्हणजे इतिहासाच्या हिशेबाने पहिलं गाणं हेच. शिवाय नावातच विलंबित! पण मग अण्णांना शंका आली, की आयझॅक्सचं वाद्य आणि आपलं वाद्य यांची जुळणी एक नव्हे. "खोट्या पायावर घर नको," म्हणत त्यांनी त्यावर काट मारली.

'स्लीप वॉक' १९५९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. चाल अशी, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड यावी. पण ते वाजवणाऱ्या सँटोच्या वाद्याला पेडलंच नव्हती. अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे तिन्ही पेडलांचे पैसे पाण्यात." १९३६ चा 'स्टील गिटार रॅग' याच गुन्ह्याखाली बाद.

बक ओवेन्सच्या 'टुगेदर अगेन'मधला टॉम ब्रमलीचा तुकडा ऐकून अण्णांनी डोळे पुसले. शब्द पुनर्भेटीचे आणि स्टील मात्र सासरी निघालेल्या मुलीसारखं. "शुभारंभाला रडगाणं नको," अण्णा म्हणाले. 'टीच युअर चिल्ड्रन'मधलं स्टील आनंदी होतं, पण ते वाजवणारा जेरी गार्सिया तेव्हा स्वतःच या वाद्यात नवखा होता असं कळलं. "शिकाऊ माणसाकडून मी काय शिकू?"

परदेशी गाणी संपल्यावर वही मायदेशी आली. लहानपणी रेडिओवर व्हॅन शिप्लेंच्या गिटारवर हिंदी सिनेमाची गाणी लागायची. ती आठवून अण्णा आठवडाभर हळवे झाले. पण प्रत्येक गाण्याला काहीतरी खोट निघाली. एक फार अवघड, एक फार सोपं, एक काकूंच्या माहेरचं आवडतं.

मध्येच बुटांचा प्रश्न आला. इथले वादक बूट घालून पेडल दाबतात म्हणून अण्णांनी टाचेचे काउबॉय बूट आणले. दिवाणखान्यात बूट चालणार नाहीत, असं काकूंनी स्वच्छ सांगितलं. बुटांचा निकाल लागेपर्यंत सराव तहकूब झाला. वाद्य रोज पुसलं मात्र जायचं. ते काकू पुसायच्या.

वर्षभरात अण्णा नॅशव्हिलच्या मराठी मंडळातले या विषयातले अधिकारी झाले. कोणाच्या मुलाने व्हायोलिन घेतलं, कोणाच्या सुनेने युकुलेली घेतली, की लोक अण्णांना विचारत, "पहिलं काय घेऊ?" अण्णा गंभीरपणे सांगत, "पहिल्या गाण्यावर हात बसतो. चुकीचं निवडलंत, तर आयुष्यभर चुकीचा बसतो." ऐकणारे घाबरून घरी जात. दोघांनी वाद्यं परत केल्याचं मला ठाऊक आहे.

परवा दुपारी मी आणि अण्णा फिरून आलो, तर आतून स्टील रडत होतं. तेही सुरात. दार उघडलं. काकू अनवाणी, ओढणी कमरेला खोचलेली, कांडी रेघेवर बरोबर धरून 'अमेझिंग ग्रेस' वाजवत होत्या. पेडल दाबलं, सोडलं, दोन रेघा वर, पुन्हा घरी. लहानपणी भजनी मंडळात पेटी वाजवलेला कान, कुठेही चुकत नव्हता.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. सूर खाली टेकल्यावर ते हळूच म्हणाले, "सूर चांगला लागतोय तुझा. पण पहिलं गाणं म्हणून निवड चुकली."

"पहिलं कुठलं?" काकू नख्या काढत म्हणाल्या. "हे सातवं. तुम्ही दुपारी झोपता ना."

खोलीत बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता वही कचऱ्यात जाणार. अण्णांनी ती उघडली, पेनचं टोपण काढलं आणि काकूंच्या समोर बसून विचारलं, "मग पहिलं कोणतं घेतलं होतंस?"