हे चार कुणाचे?

आमच्या गावाला नुसतं शिरूर म्हणून भागत नाही. मागे पुस्तकांचं एक पार्सल आठ दिवस पुण्याजवळच्या घोडनदीच्या शिरुरात पाहुणचार घेत पडलं होतं. पत्त्यात ‘कासार’ लिहायचं मीच विसरलो होतो. लातुरकडे शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. पण आमच्या गावच्या सिंदफणेच्या काठी उभं राहून कुणी “मी शिरूर कासारचा” म्हणाला, तर लोक त्यालाच परगावचा समजतील.

दिवाळीत पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. दुधाचा हिशेब बसवतो म्हणाला आणि पायथन या संगणकाच्या भाषेत ०.१ नि ०.२ची बेरीज मारली. पडद्यावर उमटलं: ०.३०००००००००००००००४. आमच्या अण्णांनी चष्मा कपाळावर सारला.

“हे चार कुणाचे रं?”

पुतण्या गडबडला. खरं तर यंत्र अण्णांच्याच शाळेतलं. त्याला अर्धा, पाव, अर्धपाव कळतो. निम्म्याचं निम्मं करत जायचं. रुपयाचा सोळावा हिस्सा, म्हणजे आणा, ते बिनचूक मांडतं. दहावा हिस्सा मात्र कधीच नेमका बसत नाही. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, तेव्हा आण्याला सव्वासहा पैसे बसले होते. तेच दुखणं, उलट्या बाजूने.

मग छापायचं किती? सी भाषेला काही बजावलं नाही, तर दशांशापुढे सहा आकडे छापून मोकळी: ०.३०००००. सभ्य, पण जरा लपवाछपवीच. जुनं पायथन ०.१ विचारलं की ०.१०००००००००००००००१ सांगायचं. नाव विचारावं, तर तालुका-जिल्ह्यासकट पिनकोड ऐकवणारा माणूस! गाय स्टील आणि जॉन व्हाइट या संगणकतज्ज्ञांनी १९९०मध्ये शहाणी तोड मांडली: परत वाचल्यावर नेमका तोच आकडा सापडेल, एवढंच छापा, वर एक अंक नको. पायथनने ती रीत २००९मध्ये, ३.१ आवृत्तीत धरली.

म्हणून ०.१ आता नुसता ०.१ दिसतो. आमची बेरीज मात्र ०.३च्या घरात नव्हे, अगदी शेजारच्या घरात उतरली होती. नुसतं ०.३ लिहिलं असतं, तर पार्सल शेजाऱ्याकडे गेलं असतं. ते चार म्हणजे यंत्राचं ‘कासार’.

अण्णांना हे पटलं. तरी म्हणाले, “दूध पावशेरात मोज, पूर्ण आकडे येतील.” हिशेब अजून वहीतच आहे. आणि दिवाळी अंक धाडणार असाल, तर पत्त्यात ‘कासार’ तेवढं विसरू नका.