राऊटर आपला, टीव्ही त्यांचा

कुरुळीच्या कारखान्यांत लाखमोलाचे रोबोट चालवणाऱ्या माणसाला घरचा राऊटर झेपणार नाही, अशी इंटरनेटवाल्यांची प्रेमळ समजूत आहे. म्हणून ते स्वतःचाच डबा गळ्यात मारतात. तुम्ही बाजारातून चार अँटेनांचा आणलात तर नेट पळतं, आयपीटीव्ही, म्हणजे त्याच तारेतून येणारा टीव्ही, मात्र काळाठिक्कर. फोनवर उत्तर ठरलेलं: "बाहेरचा राऊटर आहे ना साहेब? मग आमच्याकडं नाही येत ते."

आता यात जादू काय? हा टीव्ही बहुधा मल्टिकास्टने येतो: चॅनेलचा एकच प्रवाह निघतो, मागेल त्याच्याकडेच त्याची प्रत जाते. ती मागणी नोंदवायची आयजीएमपी नावाची रीत १९८९ पासून जगजाहीर आहे. राऊटरमध्ये आयजीएमपी प्रॉक्सी चालू करायची, टीव्हीचा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेतली स्वतंत्र वाट, वेगळा असेल तर त्याचा क्रमांक भरायचा. आयजीएमपी स्नूपिंगही लावायचं, म्हणजे कुणी काय मागितलं ते पाहूनच प्रवाह पुढे जातो; नाहीतर सगळा लोंढा वायफायवर घुसतो आणि घरात संध्याकाळी तुंबलेला तळेगाव चौक होतो.

राहता राहिला तो व्हीलॅन क्रमांक. तो विचारला की पलीकडचा माणूस "सीनियरला विचारतो" म्हणून जो गायब होतो, तो थेट पुढच्या बिलालाच उगवतो. तेव्हा कनेक्शन घेतानाच, पैसे देण्याआधी, तो आकडा फॉर्मवर लिहून घ्या.